माडावरची रोहिणी

आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकही माणूस खरं मानणार नाही, पैज लावतो. मी जैराम तारी, वय वर्षं ब्याऐंशी. ह्या दोन डोळ्यांनी मी एक आख्खा मचवा कागदी कंदिलाच्या मागे धावत जाऊन खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, चढताना पाहिला आहे. शिडाचा, मोठा, कौलांनी गच्च भरलेला मचवा.

हसा, हसा. मघाशी शुक्राची चांदणी गिळलेल्या सुरमईची गोष्ट सांगितली तेव्हाही हसलात. तीन रात्री तिच्या पोटात उजेड होता आणि त्या उजेडात आम्ही पत्ते खेळलो, हे थोडं वाढवून सांगितलं, कबूल. दोनच रात्री होता. पण कंदिलाची गोष्ट तसली नाही. ही घडलेली आहे, आणि हिच्यात माझा विश्वासघात झालेला आहे. साठ वर्षं झाली तरी माझ्या छातीत ते बोचतंय.

मी ती सहसा सांगत नाही. कारण तिथे दुर्बिणीपाशी उभी आहे ना, ती केतकी. तुम्हा पाहुण्यांना हीच रोज संध्याकाळी ह्या डोंगरावरच्या सड्यावर आणून आकाश दाखवते, आणि खाली तिची आई मासे तळेपर्यंत मला ह्या खुर्चीवर बसवून ठेवते. तिचा आजोबा भागोजी कुबल, तोच ह्या गोष्टीतला दगाबाज. नातीसमोर आजोबाचं काय सांगायचं? पण आज तीच म्हणाली, ‘तात्यानू, आज कंदिलाची सांगा.’ शाळेत पोरं तिला ‘कंदिल्याची नात’ म्हणून चिडवायची. आता मोठी झाली, विसरली असेल. हो ना ग?

‘सांगा तुम्ही. मी आयकतंय.’

ऐका तर. मी तेव्हा बावीस वर्षांचा. आमच्या आडबंदराच्या मचव्याचं नाव ‘जयवंती’. तिचा तांडेल, म्हणजे मचव्यावरचा मुख्य माणूस, हरबा. मंगळूरहून कौलं भरायची आणि कोकणात उतरवायची, हा आमचा धंदा. होकायंत्र होतं एक, पण त्याची सुई उत्तर सोडून हरबाच्या चिलमीकडे वळायची. त्यामुळे रात्रीचा सगळा कारभार वर बघून.

आणि हरबाला वरचं दिसेनासं झालं. डोळ्यांत मोतीबिंदू. चंद्र दोन दिसायचे, चांदण्या एकही नाही. त्या वर्षी श्रावणात मचवा पाण्यात लोटला तेव्हाच त्याने आम्हा दोघांना समोर उभं केलं, मला आणि भागोजीला.

‘ह्या पाडव्याक मी सुकाणू सोडतंय,’ हरबा म्हणाला. ‘दोघांपैकी जो माका आकाश वाचून दाखवीत, तो तांडेल.’

माझ्या बापाने दहा वर्षं सुकाणू धरलेलं, मला चांदण्या घरातच शिकायला मिळालेल्या. भागोजीच्या घरी चार पिढ्या खलाशी, पण तांडेल एकही नाही. त्याच्या आवशीने, म्हणजे आईने, तर सगळ्या वाडीत सांगून ठेवलं, माझो झील दिवाळीत तांडेल होतलो. बिचारीला वाटलं, ठरलंच.

त्या रात्री भागोजी माझ्याकडे आला. ‘जैराम, माका शिकव.’

‘मीच शिकवू? आणि तू माझ्याच हातातलं सुकाणू काढून घेणार?’

‘शिकवलंस आणि हरलंस, तर तू हरलंस,’ तो म्हणाला. ‘नाय शिकवलंस, तर मी हरलंय हेका काय अर्थ?’

आता सांगा, असल्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी मोठ्या मनाचा. शिकवायला बसलो. आणि देवा रे, काय विद्यार्थी! कारवारच्या पुढे एका पहाटे मी त्याला सप्तर्षी दाखवत होतो. आमच्याकडे त्याला बाज म्हणतात.

‘ती बघ बाज. चार खूर दिसतत मा? आणि मागसून ते तीन चोर. म्हातारेची बाज पळवून चल्लेत.’

‘म्हातारी खय आसा?’

‘म्हातारी कित्याक व्हयी? बाज दिसली म्हणजे झाला.’

‘म्हातारी नाय, मगे चोरली कोणाची?’

उजाडेपर्यंत त्याने म्हातारी शोधली. असा मठ्ठ! एखादी चांदणी नवी दाखवली की लगेच तिचं नाव घ्यायचा नाही. तीन रात्री नुसता बघत राहायचा. ती कुठून उगवली, किती वर चढली, शेजारी कोण आहे. हात लांब करून मुठींनी अंतर मोजायचा. मी विचारलं, ‘ही कोण?’ तर गप्प. मग चौथ्या रात्री आपणहून म्हणायचा, ‘ही चित्रा. आता ती माका वळाखता.’ ती त्याला ओळखते म्हणे! मी एका रात्रीत वीस नावं धडाधडा सांगायचो. त्यातली दोन-चार चुकायची, पण आवाज असा खणखणीत, की हरबा म्हणायचा, जैराम तोंडाचो पुरो तांडेल.

चंद्राचं मात्र त्याच्या डोक्यात पटकन बसलं, हे खोटं बोलणार नाही. शुद्ध पक्षातला चंद्र संध्याकाळी पश्चिमेला, वद्यातला पहाटे पूर्वेला, आणि त्याची शिंगं कायम सूर्याकडे पाठ करून. एका बैठकीत शिकला. मग भरतीचं गणित दिलं. तिथीचे पाऊणपट करायचे, की भरतीची वेळ हातात.

‘पाऊणपट म्हणजे कसं, आजोबा?’

म्हणजे असं बघा ताई. आज वद्य दशमी. दहाचे पाऊणपट किती? साडेसात. घड्याळात बघा. सात पंचवीस? मग जरा गप्प राहून खाली खाडीकडे कान द्या. ऐकू येतंय ना, पाणी बांधाला थापा मारतंय ते? हे तुमच्या मोबाईलात नाही. पाच मिनिटं इकडेतिकडे होतील, पण समुद्र तिथीच्या बाहेर जात नाही. टाळ्या नकोत, टाळ्या शेवटी.

तर आम्ही मंगळूरहून कौलं भरून निघालो. त्या वर्षी दिवाळी लवकर आली होती, ऑक्टोबरच्या मध्यावरच. वाटेत वारा पडला, तीन दिवस शिडं लोंबकळत राहिली. हरबाला ताप भरला. तो खाली घोंगडी पांघरून पडलेला. आणखी दोघे खलाशी होते, ते तळातलं पाणी उपसत होते, कारण मचवा गळायला लागलेला. शेवटी एकदाचं दिवेलागणीला आमचं आडबंदर नजरेत आलं. कोणता दिवस असेल? वसुबारस! काठावर बायकांनी पणत्या लावायला सुरुवात केलेली. ते मिणमिणते ठिपके बघून तुम्हाला सांगतो, मंगळूरचा भात आमच्या घशाखाली उतरेना.

पण आमची खाडी म्हणजे सोपं प्रकरण नाही. तोंडाशी डावीकडे खडप आहे. दिवसा गेलात तर केतकी दाखवील तुम्हाला, काळा, दातेरी. भरती असताना तो पाण्याखाली झाकलेला असतो. उजवीकडून शिरायचं, तेही पूर्ण भरतीलाच. बारस, म्हणजे बाराचे पाऊणपट नऊ. रात्री नऊला शिरायचं, किंवा बाहेर नांगर टाकून सकाळची भरती धरायची.

हरबा खालून म्हणाला, ‘दिसत नसात तर भायरच ऱ्हवा. दिवाळी खय पळान जाता?’

‘काय करू या?’ मी भागोजीला विचारलं.

‘सकाळी जाऊ या,’ तो म्हणाला आणि... नाही, चुकलो. तो म्हणाला, ‘आताच जाऊ या.’ हो, तोच म्हणाला. मी म्हटलं सकाळी. माणसाचं वय झालं की दोघांचे आवाज एक होतात. तर त्याला घाई. का नसेल? अंधारात खाडीत मचवा शिरवला असता, तर पाडव्याला हरबाला विचारायचीही गरज नव्हती. सुकाणू त्याच्याच हातात. खरं सांगायचं तर ती हौस मलाही होती. सगळं गाव काठावर उभं, पणत्या तेवतायत, आणि आपण शीड भरून आत येतोय! कोणाला नको? पण पाळी त्याची होती. सातपासून दहापर्यंत सुकाणूची पाळी भागोजीची. मचव्यावर पाळी म्हणजे पाळी. ज्याची पाळी, त्याची जबाबदारी. दुसरा कोणी हात लावत नाही, आणि ज्याची आहे तो हात सोडत नाही.

आता शिरायचं कशावर? तर रोहिणीवर. ही बघा, केतकीने मघाशी दाखवली ती तांबूस चांदणी. त्या दिवसांत ती रात्री नऊच्या सुमाराला बरोब्बर डोंगराच्या सोंडेवर उगवते. तिच्यावर नाळ धरली, नाळ म्हणजे मचव्याचं पुढचं टोक, की सरळ खाडीच्या तोंडात. माझ्या बापाने दाखवलेली खूण.

‘भागो,’ मी म्हटलं, ‘रोहिणीर धर. तांबडी. चुकशीत?’

‘नाय चुकूचंय.’

‘माझ्या गळ्याची शपथ?’

‘तुझ्या गळ्याची शपथ.’

त्याने माझ्या गळ्याला हात लावला. त्या शपथेवर मी पुढे नाळेपाशी गेलो, दोरखंडाच्या वेटोळ्यावर आडवा झालो आणि झोपलो. हसू नका दादा. तीन रात्री जागलो होतो. आणि आपण ज्याला शिकवलं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणावर?

आणि काय झालं होतं माहीत आहे? आमच्या गावात घाटावरून नवे शाळामास्तर आलेले. डोंगराच्या सोंडेच्या अलीकडे, डावीकडच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, त्यांचं बिऱ्हाड. आमच्याकडे आकाशकंदील लावायचे ते ओटीच्या वळचणीला. मास्तरांना हौस. त्यांनी लाल कागदाचा, मडक्याएवढा कंदील केला आणि माडावर माणूस चढवून पार शेंड्याला बांधला! आम्ही महिनाभर बाहेर, आम्हाला काय पत्ता? सोंडेवर त्या वेळी ढगाचा एक पट्टा. खरी रोहिणी त्या पट्ट्यामागे. आणि डावीकडे काळोखात, अंतराळी लटकलेला, एक तांबडा ठिपका.

सुकाणूवरून बघितलं तर हुबेहूब रोहिणी. तोच रंग, तेवढाच जीव. मन म्हणतं, हीच. गाव जवळ येतंय, पणत्या मोजता येतायत, मन दुसरं काही म्हणतच नाही. आता चांदणी चढते आणि कंदील चढत नाही. पाव तास नीट बघितलं असतं तरी कळलं असतं. पण पाव तास बघतो कोण? एकदाच, अगदी एकदाच तो ठिपका वाऱ्याने हलला, आणि पोटात असा गोळा आला, हात थंडगार... त्याच्या पोटात, म्हणतोय मी. भागोजीच्या. नंतर कोणीतरी सांगितलं.

आणि तेवढ्यात धाड!

सगळा मचवा उभा राहिला. खालची कौलं एकावर एक फुटत गेली. तो आवाज अजून कानात आहे. मी वेटोळ्यावरून फेकला गेलो, उठलो, मागे वळून पाहिलं. टिपूर चांदणं पडलं होतं. त्या चांदण्यात भागोजी मला लख्ख दिसला. दोन्ही हात सुकाणूवर घट्ट, ओठ दातांत धरलेला, आणि डोळे अजून त्या कंदिलावर. पाणी आलं होतं डोळ्यांत. असा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

हरबा घोंगडीसकट वर आला. तापाने थरथरत होता. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एवढंच विचारलं, ‘पाळी कोणाची?’

‘भागोची,’ मी सांगितलं. कोणीतरी सांगायला हवंच होतं.

‘तुका नाय इचारलंय. तेका सांगूंदे. भागो, पाळी कोणाची?’

भागोजीने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं म्हणून सांगू? खालचे दोघे ओरडतायत पाणी शिरलं, पाणी शिरलं, काठावरून माणसं होड्या लोटतायत, आणि हा आपला माझ्याकडे बघतोय. लाजेनेच, दुसरं काय? मग हरबाकडे वळला.

‘माझी.’

एक शब्द. हरबाने त्याच्याकडे पाठ केली. मचवा दोन महिन्यांनी दुरुस्त झाला. त्याआधी पाडव्याला हरबाने नवं कोरं सुकाणू पुजलं आणि माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. सगळं गाव हजर. भागोजीची आवस घरातून बाहेर आली नाही. चोवीस वर्षं मी तांडेल होतो, त्या चोवीस वर्षांत एक ओरखडा लागला नाही मचव्याला. पहिल्या वर्षापासून मी कुठल्याही चांदणीकडे पाव तास बघितल्याशिवाय नाळ फिरवली नाही. धडा म्हणतात तो हाच.

‘आणि भागोजींचं काय झालं?’

तो पुन्हा मचव्यावर चढला नाही, ताई. कोणी घेतलंच नाही. नाक्यावरून गेला की पोरं ओरडायची, कंदिल्या, वर बघ, चांदणी आली! सुतारांच्या हाताखाली फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत बसला, चाळीस वर्षं. माझ्याच मचव्याच्या फटी पण त्यानेच बुजवल्या. हात चांगला होता. एक थेंब गळायचा नाही.

पण मला सांगा, रागावायचं कोणी? मी! माझ्या गळ्याची शपथ मोडली, माझी शिकवणी पाण्यात घातली, माझा जीव जायचा तो वाचला. आणि बोलणं टाकलं त्याने! एकदा मीच गेलो, सुतारशाळेत. पाऊस लागायच्या आधीचे दिवस. मी म्हटलं, ‘भागो, इतकी वर्सा झाली. बोल तरी काय ता.’

त्याने हातोडी खाली ठेवली नाही. ठोकता ठोकताच म्हणाला, ‘तू बोललंस मा रे त्या दिवशी. दोघांचा बोलून झाला.’

काय अर्थ लावायचा ह्याचा? मी चहा घेऊन गेलो होतो त्याच्यासाठी किटलीतून. तसाच परत आणला. त्यानंतर अकरा वर्षांनी तो गेला, तोपर्यंत एक शब्द नाही. समुद्राने कित्येकदा मला फसवलं, वाऱ्याने फसवलं, त्याचं दुःख नाही. पण ज्याच्या बरोबर एका ताटात जेवलो, ज्याला आकाश उघडून दाखवलं, त्याने असं करावं? झोप येत नाही मला अजून वसुबारस आली की. संपली गोष्ट. आता वाजवा टाळ्या.

‘तात्यानू, थांबा. एक विचारू?’

विचार ना ग. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही हो, केतकी. तू लेकरू.

‘मचवा आपटला तेव्हा नऊ वाजले होते.’

नऊ. बाराचे पाऊणपट.

‘आणि वसुबारस होती.’

म्हणजे काय! पणत्या होत्या काठावर.

‘मगे चांदणा खयचा?’

काय?

‘वसुबारस म्हणजे वद्य बारस. चंद्र पहाटे साडेतीन-चारच्या आधी उगवतच नाही. लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत, ह्याच सड्यावर. दिवाळीत रात्री नऊला टिपूर चांदणं पडलेलं तुम्ही एकट्यानेच पाहिलंत.’

अग, चांदणं म्हणजे आपलं... चांदण्यांचा उजेड. समुद्रावर तो फार पडतो. ह्या पुण्याच्या मंडळींना कळावं म्हणून मी जरा...

‘आता पण चंद्र नाही. वर सगळ्या चांदण्या आहेत. ते दादा तिथे कठड्याजवळ उभे आहेत, नाळेपासून सुकाणू असतं तेवढ्याच अंतरावर. त्यांनी ओठ दातांत धरलाय की नाही, सांगा.’

माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, बाय.

‘माझे आहेत. माका पण नाय दिसत.’

केतकी, पाहुणे बसलेत. खाली मासे निवतील.

‘निवूंदेत. शाळेतून मी रडत यायचंय तेव्हा आजो एकच सांगायचो, पाळी माझी होती. मरेपर्यंत तेवढंच. सुकाणू माझ्या हातात होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि आम्ही कोणी कधी विचारलं नाही. तुमका तेचा तोंड दिसूक नाय, तात्यानू. काळोख होतो. तो ओठ, ते थंड हात, ता डोळ्यांतला पाणी, ता सगळा तुमचा. सुकाणूवर तुम्ही होतात.’